धवलारणीची सुपारी

दुसऱ्याचं भलं करायची मला खोडच आहे. आमचे हे म्हणायचे, "तू दोन दिवस स्वस्थ बसलीस की शेजारपाजार घाबरतो, आता कुणाचा नंबर!" नव्वद सालच्या आसपास हा नंबर आमच्या भाजीवाल्या मावशींचा लागला.

आम्ही तेव्हा नवीन पनवेलात राहायला आलो होतो आणि मी एका सरकारी कचेरीत कारकून होते. मावशी गव्हाणहून सकाळच्या एसटीने वालाच्या, शेवग्याच्या शेंगा घेऊन येत. पन्नाशीच्या, काटक, आणि भावाला इतक्या पक्क्या की मी घासाघीस करणंच सोडून दिलं होतं.

एकदा कचेरीतल्या एका मुलीच्या हळदीला गव्हाणला गेले आणि बघतच राहिले. नवरीशेजारी पाटावर आमच्या मावशी! त्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासूनचे सगळे विधी धवलारीण गाण्यातून सांगते. चौक कुणी भरायचा, पहिली हळद कुणी लावायची, नवरीने कधी उठायचं, सगळं त्यांच्या धवल्यात. त्या गात होत्या तसे पंचवीस बायकांचे हात चालत होते.

बाहेर मांडवात ऑर्केस्ट्रा होता. सरकारने घेतलेल्या जमिनींचे पैसे हातात आल्यापासून गावोगाव ऑर्केस्ट्राशिवाय लग्न होईना. त्या मंडळींना महिनाभर आधी घरी जाऊन सुपारी दिलेली, सोबत पाकीट, आणायला जीप. आणि सकाळपासून गाऊन घसा बसलेल्या मावशींना निघताना खण-नारळ. तो पिशवीत टाकून त्या पायी घरी निघाल्या.

"मावशी, तुम्ही काही बोलत कशा नाही?" मी तणतणले.

"देवाच्या गान्याचा भाव करतात का, बाय? शेंगांचा करतात," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पन आता पुरं झालं. मान नाय तिथं गाऊन काय? यंदाची लग्नं झाली की सोडतंय."

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी शेंगा निवडता निवडता मी नेम घालून दिला. सुपारी आणि पाकीट घरी आल्याशिवाय मांडवात पाऊल ठेवायचं नाही. आकडा विचारला तर माझं नाव सांगायचं, तुम्ही फक्त सुपारी घ्यायची. "आणि कुणीही असो, मावशी. सख्खा भाऊ असला तरी!"

पुढचं लग्न त्यांच्याच गावातल्या एका बड्या असामीच्या मुलीचं. काल-परवापर्यंत मिठागरात राबणारा माणूस, आता रेती-विटांचा व्यापारी. हळदीचा दिवस उजाडला तरी सुपारीचा पत्ता नाही. मावशींचा धीर सुटेल या भीतीने मी रजा टाकून गव्हाणला त्यांच्या ओटीवर पहारा द्यायला बसले. मांडवातून दोनदा निरोप आला, "बोलावलंय." दोन्ही वेळा मावशी उठल्या, दोन्ही वेळा मी पदर धरून बसवलं.

"पोरीची हळद खोलंबली तर पाप कुनाला?" त्या रडकुंडीला आल्या.

"मला," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मावशी उद्यापासून नुसत्या शेंगाच विकू लागल्या, तर ते माझ्यामुळे होणार होतं.

बारा वाजता जीप आली. व्यापारी स्वतः उतरला, घामाघूम. झालं होतं असं, की बायका हळद वाटून बसल्या होत्या, पण पुढे काय करायचं हे कुणालाच येईना. ऑर्केस्ट्रावाल्यांनी तीन गाणी म्हटली, पण त्यांत चौक कसा भरायचा ते नव्हतं! त्याने सुपारी पुढे केली, मी आकडा सांगितला, त्याने मुकाट पाकीट भरलं. मावशी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेल्या. मी मागे, हंड्या-पातेल्यांत.

मग काय, तो व्यापारी जीप घेऊन दारात गेला म्हटल्यावर बाकीचेही जाऊ लागले. चार वर्षांत मावशींनी पक्की खोली बांधली, टोपली सोडली, दोन सुनांना हाताखाली तयार करायला घेतलं. माझ्या दारी मात्र हंगामाच्या शेंगा घेऊन हटकून येत. मी कचेरीत मिरवायचे ते विचारू नका.

अशाच एकदा आल्या असताना मी म्हटलं, "मावशी, रविवारी माझ्या भाचीचं केळवण आहे. दुपारी या, दोन धवले म्हणा आणि जेवूनच जा हं."

"बगू, बाय," त्या हसल्या.

रविवारी पुण्याचे पाहुणे जमले. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ऐकाच म्हणून. एक वाजला, दोन वाजले, श्रीखंड वाडग्यांत तसंच. मावशी आल्याच नाहीत. नणंद म्हणाली, "विसरल्या असतील." माझा पारा चढला तो सोमवारी कचेरी सुटून गव्हाणला पोहोचेपर्यंत उतरला नव्हता.

"काल किती वाट बघितली तुमची!" मी ओटीवर चढता चढताच सुरुवात केली.

"मीपन बघत होते की. सकालपासून नवं लुगडं नेसून बसलेले."

"मग यायचं नाही का?"

"सुपारी कुठं आली?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "कुनीही असो, तुमीच सांगितलं ना?"

चार वर्षं मी गावोगावच्या यजमानांना मावशींची किंमत ऐकवत होते आणि माझ्या घरी त्यांना एका जेवणावर गायला बोलावलं होतं. तेही शेंगा घेता घेता, दारात उभ्या उभ्या. मला फार लाज वाटली. त्यापेक्षा जास्त आनंद झाला, हेही खरं.

केळवण हुकलं होतं, पण भाचीची हळद अजून व्हायची होती. मी तशीच नाक्यावर गेले. वाण्याकडून सुपारी आणि पाकीट घेतलं. लोकांना सांगायचे तोच आकडा पाकिटात भरला, एक रुपया कमी नाही. परत येऊन चपला खाली काढल्या आणि वर गेले. मावशींनी चटई अंथरून मला बसवलं, डोक्यावर पदर घेतला आणि दोन्ही हातांनी सुपारी घेऊन कपाळाला लावली.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "नवरीचं नाव काय?"