बाराच्या खेळाचा हाउसफुल

ती घटना आठवली की आजही मला आधी गारवा आठवतो, मग अंधार, आणि मग दीडशे माणसांचा संथ श्वास. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण अजून स्वप्नात येते ती हीच चौकशी. गंमत म्हणजे तिच्यात गुन्हाच नव्हता.

नोकरीची शेवटची दोन वर्षे मी नागपुरात, अमरावती रोडकडच्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. मे महिना चालू होता. नागपूरचा मे ज्याने काढला नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्याने काढला त्याला सांगायची गरज नाही. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात, चोरसुद्धा घरी बसतात. ठाण्यात कूलरसमोर कोणी बसायचे यावरून जेवढे तंटे होत, तेवढे त्या वेळी सगळ्या हद्दीत होत नसत. अशा एका दुपारी डोक्याला ओला दुपट्टा बांधलेले एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. राहणारे जरीपटक्याचे. आमच्या हद्दीतल्या एका जुन्या, एका पडद्याच्या टॉकीजमध्ये, मागच्या अंगाला, त्यांचे कँटीन होते.

"साहेब, मोठा फ्रॉड होऊन राहिला," ते म्हणाले. "बाराच्या खेळाले रोज खालच्या खुर्च्यांचा सारा स्टॉल हाउसफुल. बोर्ड लागते. अन् इंटरवलले माहा एक समोसा खपत नाही."

"मग समोसा बदला ना भाऊ," आमचे हवालदार म्हणाले. हे हवालदार माझ्यापेक्षा वयाने मोठे, आणि कुणाची टर उडवायची संधी सोडणारे नव्हेत.

"हसू नका जी. तीस वर्षं झाले मले कँटीन चालवून. पब्लिक रडून निघो का हासून निघो, इंटरवलले भूक लागतेच. दोनशे तिकिटं फाटते अन् दोन माणसं बाहेर येत नाही, याचा अर्थ काय? मी घंटी वाजवून वाजवून थकलो. डोअरकीपर मले अंदर झाकू देत नाही. अंदर कोणी नाहीच साहेब. नुसते तिकिटं फाटून राहिले."

मला हसू आले, पण मुद्दा पटला. चित्रपट उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी गाजावाजा करून आणलेला होता. बाकी सगळीकडे तो पहिल्याच आठवड्यात आपटला होता. आमच्या या टॉकीजमध्ये मात्र त्याचा पाचवा आठवडा सुरू होता. या धंद्याची एक रीत असते. आठवड्याला ठरलेले कलेक्शन जमले तर चित्रपट टिकतो, नाही जमले तर गुरुवारी उतरतो आणि शुक्रवारी दुसरा चढतो. मग पडलेला चित्रपट कोणीतरी पदरच्या पैशाने का टिकवत असेल? काळा पैसा पांढरा करण्याची शंका मला आली. वरिष्ठांना कळवले, तर त्यांचीही तीच शंका होती.

दुसऱ्या दिवशी हवालदार साध्या वेशात बुकिंगच्या खिडकीजवळ उभे राहिले. दहा वाजता पन्नाशीचा एक वाळका माणूस आला. गळ्यात गमछा, हातात दहा-वीसच्या नोटांचा चुरगळलेला गठ्ठा. बुकिंगवाल्याने काही न विचारता स्टॉलची सगळी तिकिटे त्याच्यापुढे सरकवली. हवालदार त्याच्या मागोमाग शहर बसने अमरावती रोडवरच्या वाडी गावापर्यंत गेले. तिथे ट्रकांच्या गर्दीत माणूस हरवला, पण चहाच्या टपरीवर माहिती मिळाली. गोदामांमध्ये माल चढवणाऱ्या हमालांचा तो मुकादम होता. संध्याकाळी त्याला ठाण्यात बोलावून घेतले.

तो आला आणि जमिनीवर बसू लागला. मी बाकावर बसायला सांगितले.

"रोज सगळा स्टॉल घेतोस. काहून?" त्याच्या भाषेत विचारले की माणूस सैल होतो, असा माझा अनुभव. हा झाला नाही.

"मले पिक्चर आवडते साहेब."

"दोनशे तिकिटांएवढं?"

तो गमछ्याने मान पुसू लागला. मग मी माझी जुनी युक्ती काढली. खोटे बोलणाऱ्याला गोष्ट सांगायला लावायची. तो गरजेपेक्षा जास्त तपशील देतो आणि त्यातच अडकतो.

"एवढं आवडते तर स्टोरी सांग."

त्याने डोळे मिटले आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. "एक नदी राहते साहेब. सिमेंटचे पोते तिच्यावरून आपोआप तरंगत येते. कोणाले उचला लागत नाही, नुसतं बोट लावलं का पोतं पुढं जाते. मंग उमरेडची बस येते. बसमध्ये एकच सवारी. ड्रायव्हर मागं पाहते, तं तो त्या सवारीचाच बाप असते. लहानपणी गेलेला. तो म्हणते, बस गा, तिकीट नाही लागत. मंग एक हातमाग दिसते. त्याच्यावरून गार चादर निघून राहिली, निघूनच राहिली..."

तक्रार घेऊन आलेली एक बाईसुद्धा ऐकत उभी राहिली. हवालदारांनी तो चित्रपट नातवंडांबरोबर पाहिला होता. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, त्यात हिरो तीन हेलिकॉप्टर पाडते. नदी-फिदी काही नाही."

मी आवाज चढवला. "खोटं सांगतोस?"

"खोटं नाही साहेब. जसं ऐकलं तसं सांगतलं."

पुढे प्रत्येक प्रश्नाला त्याचे हेच उत्तर. त्याच्या डोळ्यांत भीती होती, पण ती पकडले जाण्याची नव्हती. काहीतरी हातचे जाईल अशी होती. हजर राहण्याची ताकीद देऊन मी त्याला सोडले, पण ती नदी माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी बाराच्या खेळाला मी आणि हवालदार टॉकीजवर गेलो. बाहेर ऊन नुसते पांढरे झाले होते. स्टॉलच्या दारावरच्या पडद्याशी डोअरकीपरने अडवले. ओळखपत्र दाखवले, तर घाबरण्याऐवजी त्याने ओठांवर बोट ठेवले. "बूट हळू टाका साहेब," तो कुजबुजला.

पडदा सारून आत गेलो आणि जागीच थांबलो.

स्टॉल खरोखरच भरलेला होता, आणि सगळा स्टॉल झोपला होता. कोणी मान मागे टाकून, कोणी शेजाऱ्याच्या खांद्यावर, कोणी दोन खुर्च्यांमध्ये पाय दुमडून. पडद्यावर मोठमोठे स्फोट चालले होते, त्यांचा नारिंगी उजेड त्या चेहऱ्यांवरून सरकत होता, पण कोणाची पापणी हलत नव्हती. स्फोटांचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटत होता. ऑपरेटर बाराच्या खेळाला आवाज मुद्दाम उतरवत असे, हे नंतर कळले. त्या सगळ्यांत एकच माणूस जागा होता. मुकादम. पडद्याकडे पाठ करून तो खुर्च्यांच्या ओळींमधून फिरत होता. कोणी घोरू लागला की हलक्या हाताने त्याला कुशीवर वळवत होता.

मला पाहून त्याचा चेहरा उतरला. आम्ही शेवटच्या ओळीत बसलो आणि तिथे, कुजबुजत, त्याने सगळे सांगितले.

मोठ्या गाड्यांना दिवसा शहरात बंदी, म्हणून माल रात्रभर चढतो. हमालांच्या खोल्या पत्र्याच्या, दुपारी आत पाऊल टाकवत नाही. झोप कुठे घ्यायची? एप्रिलमध्ये पहाटे त्याला स्वतःलाच ट्रकवर उभ्याउभ्या डुलकी लागली. हातातली पेटी सुटली आणि खाली उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदाराचा पाय कायमचा गेला. "पंधरा वर्षं संग काम केलं साहेब. तो मले काही म्हणत नाही. तेच मले सहन होत नाही." त्यानंतर त्याने हमालांकडून वर्गणी काढली. टॉकीजला एसी होता, स्टॉल स्वस्त होता, चित्रपट पडलेला होता. एखाद्या दिवशी माणसे कमी असली तरी तिकिटे तो पुरी घेई, नाहीतर गुरुवारी चित्रपट उतरला असता.

"मग ती नदीची गोष्ट?"

"मी पिक्चरकडं पाहतच नाही साहेब. तीन वाजता याइले उठवतो, तं बाहेर निघतानी एकमेकाइले सांगतात काय दिसलं ते. तुम्ही स्टोरी विचारली. माह्याकडं तीच होती."

"मला काल सरळ का नाही सांगितलंस?"

"टॉकीजच्या मालकाले कळलं, अन् त्यानं हाकललं तं? याइनं मंग जा कुठं?"

मला त्याला काहीतरी उत्तर द्यायचे होते. सलग तीन रात्रींचा बंदोबस्त माझ्या अंगात होता आणि खुर्ची मऊ होती. पुढचे आठवते ते एवढेच की मी ठाण्याची डायरी लिहितो आहे, आणि लिहिलेली पाने एकेक करून कोरी होत आहेत, आणि मला मुळीच भीती वाटत नाही. मग खांद्यावर हात पडला.

"साहेब, उठा. तीन वाजून राहिले."

शेजारी हवालदार तोंड उघडे टाकून झोपले होते. मला भयंकर लाज वाटली. पण मुकादमाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिले. "तुमाले काय दिसलं?" त्याने विचारले, आणि मी, एक वरिष्ठ निरीक्षक, त्याला ते सांगितले.

अहवालात मी लिहिले: 'प्रेक्षक वैध तिकिटासह आपापल्या जागी हजर आढळून आले. दखलपात्र गुन्हा दिसून येत नाही.' त्यात एक शब्द खोटा नव्हता. अर्जदाराला मात्र बोलावून खरे कारण सांगितले. ते दुपट्ट्याचे टोक चाळवू लागले. "साऱ्या टॉकीजले मालूम होतं, अन् मलेच नाही," ते म्हणाले. "पहिले सांगतलं असतं तं मी घंटी वाजवली असती का?" दुसऱ्या दिवसापासून बाराच्या खेळाला त्यांनी घंटी वाजवली नाही.

त्या बुधवारी मुकादम स्वतःहून ठाण्यात आला. दारातच उभा राहिला.

"साहेब, एक विचारू? मालक आपलं पिक्चर उतरवून परवा नवं लावून राहिला. लय मोठं आहे म्हणतात. तुमचा काय अंदाज? पडेल का?"

आख्खी चित्रपटसृष्टी त्या शुक्रवारासाठी देव पाण्यात घालून बसली होती, आणि हा माणूस तो चित्रपट पडावा म्हणून माझ्याकडे आशेने पाहत होता.

"पडेल," मी म्हणालो. "बसा, चहा घ्या." त्याला मी अहोजाहो कधी करू लागलो ते माझ्याही लक्षात आले नाही.

चित्रपट पडला नाही. शुक्रवारी सकाळपासूनच टॉकीजसमोर एवढी झुंबड उडाली की आम्हाला दोर बांधावे लागले. ढोल वाजत होते, मोठ्या कटआउटवर दूध ओतत होते, स्टॉलचा दर तिप्पट झाला होता. रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली पंधरा-वीस माणसे गमछे डोक्यावर घेऊन उभी होती. मुकादमाने दराची पाटी वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि माणसांना घेऊन बस थांब्याकडे निघाला. माझ्या हातात काठी होती, अंगावर वर्दी होती, आणि मला काहीही करता येत नव्हते.

नंतर मी वाडीत जाऊन गोदामवाल्यांना भेटलो. एखादी शेड, दोन कूलर, एवढेच मागितले. सगळ्यांनी मान डोलावली, केले कोणीच नाही. महिन्याभरात तिकडून एक नोंद आली. पहाटे ट्रकवरून पडून एका हमालाचा खांदा मोडला. कारणाच्या रकान्यात 'तोल जाऊन' असे लिहिलेले होते. झोपेचा उल्लेख नसलेल्या त्या नोंदीवर मी तशीच सही केली, हे मी आज कबूल करतो.

या प्रकरणाने मला एक शिकवले. किती माणसे आली ते तिकीट सांगते. का आली, हे जाणून घ्यायला आत जाऊन त्यांच्या शेजारी बसावे लागते. हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळले, याचे वाईट वाटते.

आता उन्हाळ्यात मी रोज पेपरातले कलेक्शनचे पान आधी उघडतो. परवा एक फार मोठा चित्रपट पहिल्याच आठवड्यात कोसळल्याची बातमी वाचली आणि मी खूश झालो. बायको म्हणाली, "लोकांचं एवढं नुकसान झालं, त्यात तुम्हाला कसला आनंद?"

मी म्हणालो, "आता बाराचा स्टॉल रिकामा असेल."