शिक्षक संख्या अकरा

"बारा? हे बारावे कोण?"

प्राचार्यांनी स्टाफरूमच्या दारातूनच विचारलं. हातात माझ्या अक्षरातला तक्ता. कॉलेजात शिक्षक किती, कोण कोण, हे विद्यापीठाला दरवर्षी कळवायचं असतं, तो. अक्षर चांगलं म्हणून तो मीच भरायचे. काम माझं नव्हतं. पण कुणी सांगितलं की करायचं, अशी सवयच लागून गेली होती.

"सर, बारावी मी."

कुणीतरी हसलं. प्राचार्य हसले नाहीत. समजूत काढावी तसे म्हणाले, "मॅडम, तुम्ही तासावर, पगारावर नाही. तुम्ही यात येत नाही. अर्थशास्त्र शिकवता ना? मग मोजता येत नाही?"

मला कोरा तक्ता दिला. सगळे चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर बसून पुन्हा लिहिला. शिक्षक संख्या, अकरा. माझ्याच हाताने मी मला वगळलं. राग आला म्हणून सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. पण नाही आला. लाज वाटली, चूक माझीच असल्यासारखी.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची बौद्धवाडी. सकाळच्या पहिल्या एसटीने महाडला उतरायचं, तळ्यावरून चालत कॉलेज गाठायचं. एम.ए. झालेली, सेट पास झालेली. कॉलेजात अर्थशास्त्राची एक जागा राखीव होती, आमच्यासाठीच. ती कायम रिकामी. जाहिरात यायची, मुलाखत व्हायची. समोर पाच जण. एकाने विचारलं, "वाडीवरून रोज येणं झेपेल का?" अहो, रोज येतच होते की. मग निकाल लागायचा, योग्य उमेदवार मिळाला नाही. आणि सोमवारपासून त्याच वर्गाचे तेच तास माझ्याकडेच. शिकवायला योग्य, नेमायला नाही. असं तीनदा झालं.

आई विचारायची, "तुजा नाव लागला का नाय गो अजून?"

"लागेल."

"रोज शिकवतेस ना? मग नाव लावायला काय धाड भरलेय त्यांना?"

तिला काय सांगणार? मी भाकरी बांधून घ्यायचे आणि निघायचे.

एकदा पेपरात आलं होतं, देशात कॉलेजं केवढी वाढली, प्राध्यापक किती वाढले. स्टाफरूममध्ये त्यावर चर्चा रंगली. मी वह्या तपासत ऐकत होते. हा देशाचा आकडा कुठून येतो? असल्याच तक्त्यांतून. गावोगावी माझ्यासारखी कुणीतरी चांगल्या अक्षरात स्वतःला सोडून बाकीचे मोजत असणार. वर्गात मी फळ्यावर लिहून शिकवायचे, घरात राबणाऱ्या बाईचं काम उत्पन्नात धरत नाहीत. पोरी वहीत उतरवून घ्यायच्या. त्यात मीही बसते, हे माझ्या ध्यानात यायला इतकी वर्षं गेली.

मग एका वर्षी नवीन अभ्यासक्रमासाठी विद्यापीठाची समिती यायची होती. आदल्या दिवशी हेडक्लार्क गोड बोलले, "मॅडम, उद्या जरा बरी साडी नेसून या." मी नेसून गेले. इस्त्री करून. खोटं कशाला बोलू, मनात आशा होती.

सकाळी त्यांनी माझ्यापुढे हजेरीचं मस्टर ठेवलं. त्यात माझं नाव होतं. बारावं. पुढे लिहिलेलं, पूर्णवेळ. इतक्या वर्षांत माझी सही कधी मस्टरवर झाली नव्हती, तासांची वेगळी वही असायची. माझा हात आपोआप पेनाकडे गेला. आनंद झाला हो मला.

"जूनपासूनच्या सगळ्या सह्या करून टाका," हेडक्लार्क म्हणाले. "हे मस्टर समितीपुरतंच आहे."

मी रकाने बघत बसले. जुलैतला एक दिवस होता, सावित्री नदीला पूर आलेला, एसटी मध्येच थांबली आणि मी चिखल तुडवत वर्गावर पोचले होते. ऑगस्टमध्ये अंगात ताप घेऊन तास घेतले होते. त्या सगळ्या दिवसांत मी होते. खरोखर होते. आणि आता तिथे सही केली की ती खोटी ठरणार होती. माझं खरं येणं यांनी लिहिलं नाही, आणि खोटं मात्र माझ्याकडून लिहून घेत होते. तेव्हा कुठे राग आला. इतक्या वर्षांचा एकदम आला.

मी मस्टर मिटलं.

प्राचार्य आले. "मॅडम, घरचं कार्य आहे. पुढच्या वर्षी तास हवेत ना?"

"हवेत," मी म्हटलं. "पण एका दिवसाची प्राध्यापक मी होणार नाही."

समिती आली. त्यातल्या एकाने विचारलं, "अर्थशास्त्र कोण शिकवतं?" मी उभी राहिले. "मी शिकवते. सहा वर्षं, तासावर. राखीव जागा रिकामी आहे." त्यांनी मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं. मग सगळे जेवायला गेले.

अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली. जूनमध्ये माझे तास गेले. काही उलथापालथ झाली नाही. मी थकले होते, अजूनही थकलेली आहे. पाय दुखतात, आणि कुणाशी भांडायची हौस मला पहिल्यापासून नाही.

पुढच्या वर्षी त्याच जागेची जाहिरात आली. मी अर्ज केला. तेच पाच जण. त्यांनी काही विचारायच्या आत मी दोन ओळींचा कागद पुढे सरकवला. मला नाकारायचं तर नाकारा, पण मी कशात कमी पडले ते माझ्या नावापुढे लिहा, खाली सही करा.

त्यांनी लिहिलं नाही. मी कार्यालयात जाऊन त्या कागदाची पोच घेतली, शिक्क्यासकट. आता जितक्यांदा जाहिरात येईल तितक्यांदा जाणार. तितक्यांदा पोच घेणार. योग्य उमेदवार मिळाला नाही, असं त्यांना माझा कागद दप्तरात असताना लिहावं लागेल.