आखाडातलं काळीज

मुलगा लढाईवरून सुखरूप घरी येईपर्यंत माझ्या सासऱ्यांनी मटण सोडलं होतं. औंधाच्या यमाईपुढे तसं बोलून आले होते, आणि आल्यापासून ते गावात प्रत्येकाला निदान दोनदा सांगून झालं होतं. मुलगा म्हणजे माझा नवरा. तो बर्मात होता. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि नवऱ्याचं तोंड पाहिलं होतं ते जेमतेम दीड महिना. सासरे स्वतः पहिल्या लढाईतले पेन्शनर. शिराळ्याच्या बाजारातसुद्धा लोक त्यांना वाट करून देत. मलाही त्यांचा अभिमान वाटायचा. हे आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे मटण घरात शिजत नसे. मागं परड्यात त्याची चूल वेगळी, भांडी वेगळी. रांधायला मात्र मीच लागायची. माझ्या हाताला चव आहे हे सासूबाईंनी कधी कबूल केलं नाही, पण वाटणाचा पाटा कधी स्वतःकडे ओढलाही नाही. रीत अशी होती की काळीज आधी निखाऱ्यावर भाजून, हळद-मीठ लावून वाटीत झाकून ठेवायचं, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटात जायचं. सासऱ्यांनी सोडल्यापासून तो मान त्यांच्या थोरल्या भावाचा झाला होता.

त्या वर्षी आखाड संपता संपता बोकड पडला. भावकीतली दहा-बारा माणसं सोप्यात पंगतीला बसली. सासरे बाजूला वेगळ्या पाटावर, आमटी-भाकरी घेऊन. सासूबाईंनी वाटीवरचं झाकण काढलं तर वाटी मोकळी.

"काळीज कुठं हाय?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"वाटीत झाकून ठिवलं हुतं, आत्याबाई."

"मग वाटीनं खाल्लं व्हय? म्हायारात कवा तोंडाला लागलं न्हाई, तवा चुलीवरचंच उचललंस."

पंगतीतल्या माना ताटात गेल्या. माझी आई दुसऱ्याच्या घरात पाणीसुद्धा विचारल्याशिवाय पीत नसे, आणि तिच्या नावानं हे ऐकून घ्यावं लागत होतं. मी "न्हाई वो" एवढंच म्हणू शकले. तेव्हा सासरे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "जाऊ द्या. पोर हाय. खाल्लं आसंल." त्यांनी मला माफ केलं म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर सासऱ्यांचं धोतर धुवायला घेतलं. कमरेशी जिथं ते चिलमीची पिशवी खोवायचे, तिथं आतल्या निरीला पिवळा, तेलकट डाग होता. साबण लागला तसा डाग लालभडक झाला. हळदीचा डाग असाच करतो. मग आठवलं, आदल्या दिवशी मी पाट्यावर असताना सासरे चिलमीसाठी निखारा घ्यायला परड्यात आले होते आणि चुलीशी बराच वेळ वाकले होते. मी धोतर तसंच दगडावर टाकलं आणि पाण्यात पाय सोडून बसले. खाल्लं त्याचं मला काही नव्हतं. माणसाला वास सुटला की राहवत नाही. पण खाऊन वर मला माफ केलं, ते मला सहन होईना.

डाग दाखवून उपयोग नव्हता. नवस बोललेल्या सासऱ्यावर आळ घेणाऱ्या सुनेला त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं, आणि बर्मातल्या नवऱ्याला पत्रातून माझं काय काय कळलं असतं कोण जाणे. मला एकच हवं होतं. ज्या सोप्यात, ज्या माणसांपुढं मला चोर ठरवलं, त्याच सोप्यात, त्याच माणसांपुढं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

परड्याच्या बांधापलीकडे जैनांचं घर होतं. तिथल्या काकी दर चातुर्मासात काहीतरी सोडायच्या. त्या वर्षी दूध आणि तूप सोडलं होतं. मी सहज विचारलं, "काकी, घरातली कुनी खा म्हनून पाठी लागत न्हाईत?" काकी हसल्या. "देवाम्होरं सोडलेलं खा म्हनायचं पाप कोन आपल्या अंगावर घील, बाई?"

ते मी पदराच्या गाठीला बांधून घरी आले.

श्रावण लागला त्या सकाळी देव्हाऱ्यापुढं उभी राहून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मटण, मासळी, अंडं सोडलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप सोडलं. मधाचं बोटही नको. जनावराच्या अंगचं काही म्हणून खाणार नाही, कार्तिकी एकादशीपर्यंत. मालक सुखरूप येऊ देत. त्यांच्याच लेकासाठी सुनेनं सोडलेलं, सासूबाई काय बोलणार? खरं सांगायचं तर त्यात नवऱ्यासाठी चार आणे होते आणि बारा आणे सासऱ्यांसाठी.

सोपं नव्हतं. आमच्या घरात तीन म्हशी होत्या आणि धारा मीच काढायची. कोमट दुधाचा फेस हातावर यायचा आणि पोटात खड्डा पडायचा. कोरडी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं. ताकाची आठवण तर इतकी यायची की एकदा रवी धुतलेल्या पाण्याकडे बघत उभी राहिले. महिन्याभरात गालफडं बसली. पण त्याआधी, नागपंचमीलाच, झोक्याशी जमलेल्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं पोट भरलं. त्या म्हणत होत्या, "सासऱ्यानं नुसतं मटान सोडलंय. सुनंनं बघा, समदंच सोडलं."

आठ दिवसांत ते पारावर पोचलं. सासऱ्यांच्या नवसाचं नाव कुणी काढेना. मग त्यांनी तूप सोडलं. लोकांनी "बरं" म्हटलं. मग चहातलं दूध सोडलं, आणि दुधाच्या चहाशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. तो बिनदुधाचा चहा मीच करून द्यायची आणि मुद्दाम उकळून उकळून कडू करायची. ते घोट घेऊन माझ्याकडे बघायचे. मी डोक्यावरचा पदर नीट करायची.

श्रावण सरल्यावर घरात पुन्हा मटण आलं. मी हात लावणार नव्हते. सासूबाई परड्यात धुरात बसल्या, डोळे पुसत, वाटण जाडंभरडं. थोरल्या चुलतसासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "आज सूनबाई गावाला गेलीया का काय?" मी दाराआडून ऐकलं आणि तो दिवस माझा फार छान गेला.

सासऱ्यांना सगळं कळत होतं, अशी माझी खात्री आहे. एकदा दसऱ्याच्या आसपास मी एकटी धान्य निवडत असताना जवळ येऊन म्हणाले, "पोरी, लय वाळलीस. सोड आता."

"सोडायचं पाप कुनाच्या अंगावर घालू, मामंजी?" मी विचारलं. ते निघून गेले. तेव्हा एक शब्द बोलले असते तर कदाचित मी तिथंच थांबले असते. कदाचित.

कार्तिकी एकादशी झाली आणि पाचव्या दिवशी नवरा आला. रहिमतपूरला गाडीतून उतरून आधी औंधला गेला, देवीचा अंगारा घेतला आणि मग घरी. हिवतापानं पिवळा पडलेला, कॉलरच्या दोन्ही बाजूंनी मान सुटी दिसत होती. त्याच्या येण्याचं पत्र आलं तेव्हाच ठरलं होतं की दोघांचे नवस एकाच दिवशी, एकाच पंगतीत सोडायचे. बोकड पडला. सोप्यात तीच माणसं, त्याच जागा. आमच्यात नवस सोडताना हातात अंगारा धरून "अखंड पाळला" म्हणायचं, अंगारा ज्याच्यासाठी बोललो त्याच्या कपाळी लावायचा आणि मगच घास. चुकीचं बोललं तर ज्याच्यासाठी बोललो त्यालाच भोवतं, असं सगळे मानत. मी चार महिने या घडीचीच वाट बघत होते.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू आधी सोड. लय दिस झालं."

"मामंजींनी आधी," मी म्हणाले. "आनि आत्याबाई, आखाडातलं काळीज कुनी खाल्लं ते देवीला ठावं हाय. ज्यानं खाल्लं त्यानं हितं सांगितल्याबिगर मी घास घेनार न्हाई."

इतकं बोलल्यावर माझंच मला नवल वाटलं.

सासऱ्यांच्या हातात अंगारा होता. पुढं नवरा बसलेला, कपाळ पुढं करून, डोळे मिटून. हात लेकाच्या कपाळाजवळ गेला आणि मागं आला. चिमटीतली राख त्यांच्याच ताटात सांडली.

"आखाडात मोडला," ते म्हणाले. "काळीज म्या खाल्लं. पोरीनं न्हाई."

नवऱ्यानं डोळे उघडून विचारलं, "कसलं काळीज?" थोरल्या चुलतसासऱ्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. सासूबाई पळी धरून तशाच उभ्या. मी मुठीत अंगारा घेतला, "अखंड पाळला" म्हणाले आणि नवऱ्याच्या कपाळाला लावला.

मग मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, काळजाची वाटी हिकडं आना."

बाईमाणसानं पुरुषांच्या पंगतीत बसायची रीत नव्हती. मी सासऱ्यांच्या समोर मांडी घालून बसले. सासूबाईंनी वाटी आणून माझ्यापुढं ठेवली. चार महिन्यांनी तोंडात मांस गेलं होतं. एकेक तुकडा नीट चावून, त्यांच्याकडे बघत, वाटी रिकामी होईपर्यंत खाल्ला.

काळीज मला लहानपणापासून आवडत नाही. त्या घरात कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.