लाइन क्लिअर

मी जासईला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी करते. हरवलेला कंटेनर कुठल्या तरी रांगेत सापडतोच, एवढीच माझी श्रद्धा. भूतबित, संकेत वगैरे सांगणाऱ्यांना मी आजवर चहा पाजून वाटेला लावत आले. तरी हे लिहितेय...

नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहायचो – मी आणि माझा नवरा सुधीर. त्याची कंपनी बंद पडली आणि त्याने बेडरूममध्ये खेळण्यातली रेल्वे मांडली. 'खेळणं' म्हटलेलं त्याला चालायचं नाही, 'मॉडेल' म्हणायचं. जुन्या दाराच्या फळीवर रूळ आणि चार स्टेशनं : पनवेल, गव्हाण, जासई, उरण. खरी उरण लाइन तेव्हा रखडलेली.

"सरकारच्या आधी मी उरणला पोचतो की नाही बघ."

"पोच. आणि येताना कोळंबी आण."

रोज संध्याकाळी एक फेरी. उलव्याकडच्या बांधकामांची धूळ एवढी, की एक दिवस रूळ पुसले नाहीत तर इंजिन अडायचं. म्हणून आधी स्पिरिटने रूळ पुसायचे, मग ओरडायचं, "लाइन क्लिअर?" मी स्वयंपाकघरातून "क्लिअर!" म्हटल्याशिवाय गाडी सुटायची नाही. पुढचं स्टेशन 'हो' म्हणेपर्यंत गाडी सोडायची नसते, असा रेल्वेचा नियम, म्हणे. दुसरी नोकरी मिळाली नाही. मग लिव्हर गेलं, पोटात पाणी व्हायला लागलं... फेरी चुकली नाही.

शेवटी त्याला हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा फेरी मी घालायला लागले. संध्याकाळी घरी यायचं, रूळ पुसायचे, गाडी उरणला नेऊन परत पनवेलला आणून लावायची, प्लग काढायचा. घरी आल्यावर गाडी अडली तर माझंच डोकं खाल्लं असतं त्याने.

एके दिवशी तो ग्लानीत पुटपुटला, "लाइन क्लिअर?"

काय विचारतोय ते मला लगेच कळलं. "नाही," मी म्हटलं. "सिग्नल लाल आहे. गप पडून राहा."

मग रोज विचारायचा. मी रोज 'नाही' म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, "कशाच्या जोरावर टिकलेत, समजत नाही."

त्या सकाळी त्याने पुन्हा विचारलं. मी तोंड उघडायच्या आत त्याने मान हलवली – कुणाचं तरी ऐकल्यासारखी. म्हणाला, "बरं." आणि गेला.

सगळं उरकून घरी आले. दाराचं लॅच जसंच्या तसं, चावी माझ्या पर्समध्ये, प्लग काढलेला. आणि गाडी उरणला उभी! आदल्या संध्याकाळी मीच ती पनवेलला लावली होती. थकव्यात विसरले असेन, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तेराव्यानंतर मंदामावशी आली. उरणहून मासळी घेऊन सकाळी दारावर येणारी कोळीण. संध्याकाळची आमची फेरी तिने कधी पाहिली नव्हती. डोळे पुसत म्हणाली, "बाय, भाऊ गेले त्याच सकाली मी आल्ते गो. बेल मारली, तर आतून भाऊंचा आवाज. मना वाटलं, बरे होऊन घरी आले."

"काय म्हणाले?"

"लान किलेर का कायसं. दोनदा इचारलं. मना काय कलतंय? मी बोल्ले, हाय हाय, किलेर हाय, या भायेर! कोन नाय आलं. काय असतं गो ते?"

टोपलीची कड मी घट्ट धरून ठेवली.

"काही नाही," मी म्हटलं. "रेल्वेतला शब्द आहे. कोळंबी कशी दिलीस?"

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. मंदामावशीला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. रूळ रोज पुसते. गाडी मात्र उरणलाच आहे. परत आणायची तर आधी ओरडून विचारावं लागेल... आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं तर काय करायचं, हे मी ठरवलेलं नाही.