सर्वोच्च न्यायालय आणि आमच्या शाळेचं कुत्रं

आमच्या शाळेच्या फाटकावर माझं नाव आणि मोबाईल नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेला आहे. वर कन्नडमध्ये एक ओळ आहे. तिचा अर्थ असा की, भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत या शाळेचा जबाबदार अधिकारी मी आहे. कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात ही मराठी माध्यमाची सरकारी शाळा आहे आणि मी तिचा मुख्याध्यापक. सत्तावीस वर्षं समाजविज्ञान शिकवलं, त्यासाठी कुणी माझं नाव कुठल्या भिंतीवर लिहिलं नाही. कुत्र्यांसाठी लिहिलं, आणि लिहायला लावलं ते देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं.

हे आठवलं की अजून माझं डोकं तापतं. पण त्या तापण्यात सगळं खरं नाही, आणि तेवढं सांगण्यासाठीच मी हे लिहितो आहे.

दिल्लीत कुत्री चावल्याच्या बातम्या आल्या आणि कोर्टानं आपण होऊन त्यात लक्ष घातलं. आधी एका खंडपीठानं सांगितलं, तिथली सगळी कुत्री उचला, परत सोडू नका. ओरड झाली. मग मोठ्या खंडपीठानं सांगितलं, उचला, शस्त्रक्रिया करा आणि जिथली तिथं सोडा. पुढं काही महिन्यांनी साऱ्या देशासाठी आलं की, शाळा, दवाखाने, बसस्थानकं इथली कुत्री उचला आणि तिथं मात्र ती परत सोडायची नाहीत. प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार माणूस नेमा. त्याचं नाव दारावर लावा.

तो आदेश दिल्लीहून बेंगळूरला, तिथून बिदरला, तिथून तालुक्याला असा उतरत आला. प्रत्येक मुक्कामावर तो थोडा लहान होत गेला असावा. माझ्या मोबाईलवर पोचला तेव्हा त्याच्या तीन ओळी उरल्या होत्या. नाव लावा. कुत्री हटवा. दर महिन्याला अहवाल पाठवा, आणि अहवालात 'शून्य' असलं पाहिजे.

आठवीच्या वर्गात मी शिकवतो की, कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे आणि तंटा सोडवणारे वेगळे. फळ्यावर तीन चौकोन काढतो. त्या आठवड्यात ते चौकोन काढताना मला स्वतःचीच लाज वाटली. गावातलं कुत्रं धरावं की नाही, हे पंचायतीनं ठरवायचं. पंचायत झोपली असेल तर तिला हलवून जागं करणं हे कोर्टाचं काम, हे मला मान्य आहे. पण कुणाचं नाव कुठल्या फाटकावर लावायचं, हेसुद्धा तिथूनच ठरणार असेल तर मग मधल्या सगळ्यांनी घरी बसावं. आमदार चुकला तर त्याला बाजाराच्या दिवशी रस्त्यात अडवून चार शब्द सुनावता येतात. पाच वर्षांनी पाडता येतं. न्यायाधीशांना कुठं अडवायचं? फेरविचाराचा अर्ज करायचा तर तोही बहुतेक वेळा त्यांच्याच पुढ्यात. सुनेचं गाऱ्हाणं सासूनंच ऐकायचं, तसला प्रकार. एवढ्या मोठ्या सत्तेला काहीतरी कुंपण पाहिजे. साऱ्या देशाला लागू होणारा हुकूम काढायच्या आधी निदान हुलसूरसारख्या एखाद्या तालुक्यातल्या माणसाला बोलावून विचारावं, बाबा, तुमच्याकडं हे कसं असतं?

हे सगळं मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं बोललो. ऐकायला आमचे कन्नड विषयाचे शिक्षक होते. ते भाल्की तालुक्यातले, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. डबा खाता खाता म्हणाले,

"सर, तुमी लई चिडायलाव. पंचायत झोपली, सरकार झोपलं, म्हणून कोर्टानं उठवलं. तुमचं काय जायलंय?"

"उठवावं की. उठवून चहात साखर किती टाकायची, हे बी कोर्टच सांगायलंय."

"पलीकडच्या गावात लेकराच्या पिंडरीचा लचका तोडला कुत्र्यानं. त्याच्या बापाला काय घटनेचं पुस्तक देताव पायाला बांधायला?"

त्यांनी लोणच्याची फोड माझ्या डब्याच्या झाकणात टाकली आणि म्हणाले, "खावा. हे कोर्टाला न इचारता देतोय."

नाव फाटकावर लागल्यावर फोन सुरू झाले. "सर, आमच्या गल्लीत पाच कुत्री हायत, कवा येताव धरायला?" कन्नडमध्ये कुत्र्याला नायी म्हणतात. त्यामुळं आठ दिवसांत गावानं मला 'नायी सर' करून टाकलं. हॉटेलात मी शिरलो की कोपऱ्यातून एकजण विचारायचा, "नायी सर आले का?" आणि दुसरा मुद्दाम उत्तर द्यायचा, "न्हाई." हसायचे सगळे. मीही हसल्यासारखं करायचो आणि चहा अर्धा टाकून उठायचो.

खरं म्हणजे आमच्या शाळेत कुत्रं एकच होतं. तपकिरी रंगाचं, एक कान फाटलेला, वयानं बऱ्यापैकी. त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ते होतं अक्काचं. अक्का म्हणजे आमच्या बिसियूटची, दुपारच्या गरम जेवणाची, स्वयंपाकीण. तिचं माहेर आळंदकडचं, कन्नड मुलूख. लग्न होऊन या गावात आली, नवरा गेला, आणि आता गावाबाहेर उसाच्या फडांपलीकडं एका खोलीत एकटी राहते. सकाळी सातला ती शाळेत यायची. वाटेत दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ऊस. त्यात रानडुकरं असतात. मागच्या वर्षी तिला एका डुकरानं पाडलं होतं, मनगट मोडलं होतं. तेव्हापासून ते कुत्रं तिच्याबरोबर यायचं. दिवसभर स्वयंपाकघराच्या पायरीवर पडून राहायचं आणि तीन वाजता तिच्याबरोबर परत जायचं. कुठल्या मुलाच्या अंगावर ते कधी गेलं नाही. माझ्यावर मात्र गुरगुरायचं. का, ते त्यालाच ठाऊक. अक्का चेष्टेनं म्हणायची, "सर, त्याला तपासणीची सवय न्हाई."

एका सकाळी पंचायतीची गाडी फाटकाशी आली. मागं जाळी लावलेली. पंचायतीच्या माणसानं माझ्या हातात एक छापील कागद दिला. कन्नडमध्ये होता. कुत्र्यांची संख्या, आणि पुढं दोन पर्याय, 'बीदी' की 'साकु'. बीदी म्हणजे रस्त्यावरचं. साकु म्हणजे पाळलेलं. त्यातल्या एकावर खूण करायची. कन्नडचे सर त्या दिवशी रजेवर होते, पण एवढं कन्नड मला येतं. इकडं ते सगळ्यांनाच येतं.

मी कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेलो. अक्का मोठ्या पातेल्यात भात ढवळत होती. कुत्रं पायरीवर. मला बघून गुरगुरलं.

"अक्का, पंचायतीचे आलेत. बीदी लिहायचं का साकु?"

तिनं मान वर केली नाही. सरकारी कागद निघाला की ती नेहमी कन्नडमध्ये बोलते.

"साकु बरीरी, सर."

आता ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'बरीरी' म्हणजे लिहा. आणि 'साकु'चे दोन अर्थ आहेत. एक पाळीव. दुसरा, पुरे. आमच्या भागात पंगतीत वाढणाऱ्याला हात आडवा करून जो तो साकु साकु म्हणतो. म्हणजे "साकु बरीरी" याचा अर्थ "पाळीव असं लिहा". आणि "साकु, बरीरी" म्हटलं तर अर्थ होतो, "पुरे झालं, लिहून टाका काय ते."

ती पहिल्या अर्थानं बोलली, हे मला तेव्हाच कळलं होतं. स्वल्पविराम मी घातला.

मी बीदीवर खूण केली. खाली सही केली, शिक्का मारला. डोक्यात हॉटेलातलं हसणं होतं, फोन होते, आणि या महिन्याचा शून्य अहवाल होता. पाळीव लिहिलं असतं तर मालकाचं नाव, पत्ता, त्याचं हमीपत्र, असं सगळं करत बसावं लागलं असतं. वर्गात मुलांना मी वाक्प्रचार शिकवतो, वड्याचं तेल वांग्यावर काढणे. राग दिल्लीवर होता. गाडीत गेलं ते कुत्रं. काठीच्या टोकाला फास होता. ते फार भांडलंही नाही, फक्त स्वयंपाकघराकडं बघून एकदा केकाटलं.

अक्का हातात डाव घेऊन बाहेर आली. गाडी वळली होती.

"कामून न्हेलं, सर? साकु म्हणलं की म्या."

"वरच्या कोर्टाचा आदेश आहे, अक्का. आपल्या हातात काही नाही."

हे मी बोललो. ज्या कोर्टाला मी आठवडाभर शिव्या देत होतो, त्याच्याच पाठीमागं जाऊन उभा राहिलो. तिनं मान हलवली. मोठ्या कोर्टापुढं सरांचं तरी काय चालणार, असं तिला वाटलं असावं. ती आत गेली आणि त्या दिवशीचा भात खाली लागला.

दुसऱ्या दिवसापासून ती काठी घेऊन येऊ लागली, आणि सातऐवजी आठला, उजाडून ऊन आल्यावर. मुलांचं जेवण उशिरा होऊ लागलं. चौथ्या दिवशी तिच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. मी विचारलं. "काय न्हाई. खसखस झाली फडात, म्हणून पळाले," म्हणाली. रविवारी मी तिला म्हटलं, चला, तालुक्याला जाऊन बघू, आणता येतं का.

कुत्री ठेवतात ती जागा गावाबाहेर होती. पत्र्याचं छप्पर, तारेची जाळी, आत भुंकण्याचा कल्लोळ. तिथल्या माणसानं वही उघडली. आमच्या गावाचं नाव, पुढं आकडा एक, पुढं बीदी. एवढंच.

"कसलं हाय?" त्यानं विचारलं.

"तपकिरी. एक कान फाटलेला," अक्का म्हणाली.

"अक्का, समदी तपकिरीच हायत. आन् निम्म्यांचे कान फाटलेत. बघा तुमी."

ती जाळीच्या कडेनं हळूहळू चालत गेली. प्रत्येक ठिकाणी थांबून जीभ टाळ्याला लावून आवाज करायची, तसाच ती पायरीवर करायची. बरीच कुत्री जाळीशी आली. ते आलं नाही. आदल्या आठवड्यातली बरीचशी जागा नाही म्हणून दुसरीकडं हलवली होती. कुठं, ते त्या माणसाला माहीत नव्हतं. कुत्री हलवणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला, त्यानं उचलला नाही.

मी म्हटलं, "आम्ही मालक म्हणून लिहून देतो. सापडलं तर कळवा."

"आता काय उपयोग, सर? त्या कागदावर साकु लिवलं असतं तर आमी उचललंच नसतं. घरी बांधा, शाळेत आणू नका, एवढं सांगून गेलो असतो. कामून लिवला न्हाईत?"

अक्का माझ्या शेजारीच उभी होती. मी वहीकडं बघत राहिलो.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी पलीकडच्या बाकावर. बाहेर बघतच ती म्हणाली,

"म्या साकु म्हणलं व्हतं."

"व्हय."

"तुमाला कन्नड येतंय."

"येतंय."

पुढं ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्याकडं वरचं कोर्ट नव्हतं आणि माझ्यावर अपील करायला जागा नव्हती. त्या कागदापुरतं, त्या पाच मिनिटांपुरतं, माझ्या वर कुणीच नव्हतं. अशा वेळी माणूस काय करतो ते मी बघितलं आहे. दिल्लीतल्यांना कुंपण हवं, हे माझं मत त्यानंतर बदललं नाही, उलट पक्कंच झालं. ते तरी निदान लेकरांचे लचके बघून लिहीत होते. मी हॉटेलातल्या हसण्यावर लिहिलं.

ठेकेदारानं नंतर फोन उचलला. "बघतो," म्हणाला. तीन वेळा म्हणाला. कुत्रं मिळालं नाही.

लगेचच्या सोमवारी सकाळी पावणेआठला मी फडांच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. अक्का कुलूप लावून बाहेर आली, मला बघितलं आणि काही न बोलता चालू लागली. मोटरसायकलवर बसा म्हटलं तर मानेनं नको म्हणाली. मी गाडी तिथंच लावून मागून चालत निघालो. मंगळवारीही तसंच. बुधवारीही. शाळेत ती माझ्याशी कामापुरतं बोलते, सर, मीठ संपलं, सर, गॅस आला न्हाई. वाटेवर तेवढंही नाही.

मागच्या आठवड्यात उसात काहीतरी खसखसलं. आम्ही दोघंही थांबलो. आवाज दूर गेला. तिनं पहिल्यांदाच मागं वळून बघितलं.

"सर, डुक्कर निघालं तर तुमी काय करताव? भुकाया येतंय का तुमाला?"

"न्हाई."

"मग मागं कामून चालायलाव? म्होरं व्हा."

तिनं काठी माझ्या हातात दिली आणि मी पुढं झालो.