काकांच्या चेहऱ्याची पत

श्रीमंत माणसाला लागणारे सगळे सामान देवाने आमच्या कारखान्यातल्या आचारीकाकांना दिले आणि ऐन वेळी पैसे द्यायला तो विसरला, असे माझे ठाम मत आहे. गोरापान रंग, भारदस्त पोट, सोनेरी काड्यांचा चष्मा, कडक इस्त्रीचे धोतर. बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षावाले आम्हाला ओलांडून त्यांच्याकडे धावत, "शेठ, बैठिये." बँकेत आमच्यासाठी सुतळीने बांधलेले पेन असे, काकांना कारकून स्वतःच्या खिशातले काढून देई. आम्हा चौघा परगावच्या पोरांना खोली मिळाली तीही याच चेहऱ्यावर. घरमालकाने काकांना एकदा पाहिले आणि आमच्याबद्दल काही विचारलेच नाही. काका स्वतः मात्र माणूस पारखत ते कँटीनमध्ये परत आलेल्या ताटावरून. अन्न टाकणारा साहेब असला तरी त्यांच्या लेखी तो वाया गेलेला.

मला वडील नव्हते, म्हणून चिंचणीला मुलगी बघायला जाताना मी काकांनाच वडीलधारे म्हणून नेले. मुलगी मला फोटोतच आवडली होती. नकार आला असता तर मी महिनाभर जेवलो नसतो. तिच्या वडिलांची भाजीची वाडी होती. काकांना पाहून ते खुर्चीवर बसेचनात. "शेठ, धंदा कसला तुमचा?" त्यांनी चाचरत विचारले. काका आचारी आहेत हे कळू नये म्हणून मी घाईघाईने वाडीतल्या मिरच्यांचे कौतुक सुरू केले. ते आणखीच अवघडून भिंतीशी सरकले.

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. काका ताडकन उठले. "मोहरी तडतडली की कांदा टाकायचा, वाट कसली बघायची?" म्हणत थेट स्वयंपाकघरात. थोड्या वेळाने ते पोह्यांच्या पाच बशा एकाच हातावर तोलत बाहेर आले. सगळे बघतच राहिले. माझे लग्न त्या बशांपायी मोडले असे मी समजलो.

"कँटीनला आचारी आहे मी," काका शांतपणे म्हणाले. "पोरगा चांगला आहे. तीन वर्षांत ताटात शीत टाकलं नाही त्यानं."

मुलीचे वडील पहिल्यांदाच खुर्चीवर टेकले. "तुमाला पायला तवा वाटला, एवढ्या मोठ्या घरात आमच्या पोरीचा निभाव नाय लागायचा. आता बरा वाटला. रांधनारा मानूस पाठीशी हाय, पोर उपाशी नाय ऱ्हायची."

त्याच बैठकीत सुपारी फुटली. परतीच्या एसटीत कंडक्टरने काकांसाठी पुढची जागा रिकामी करून दिली आणि ते लढाई जिंकल्यासारखे बसले.

पुढे कँटीन ठेकेदाराकडे गेले आणि काका गावी. तिथून एकदाच पत्र आले, मग काही कळले नाही. मी आजही ताट लख्ख करून उठतो, बायको हसते. बघायला काका नाहीत, हे मात्र रोज जेवताना जाणवते.