पुणं, रानडुकरं आणि बिनवायरचा कीबोर्ड

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. चंद्रपूरला राहून बी.कॉम. केलं. हे मी आपणहून सांगते, कारण कोणी विचारेल म्हणून वाट पाहत बसलं की सांगायचं राहूनच जातं.

पुढे पुण्याच्या एका कंपनीत काम मिळालं. कंपनी मिक्सर-कुकर विकते. गिऱ्हाईक तक्रार लिहितं आणि आपण कॉम्प्युटरवर तिथल्या तिथे उत्तर टाइप करायचं. तिथल्या मॅडमनी सांगितलं, "महिनाभर घरून करून बघ. जमलं तर घरूनच कर, नाही जमलं तर पुण्याला यावं लागेल." मला पुण्याला जायचं नव्हतं. चामोर्शीजवळचं आमचं गाव, धानाच्या बांध्या, माय आणि बा सोडून मी कुठल्या तरी खोलीत एका कॉटचं भाडं का म्हणून भरू? पदवी घेतली ती गावातून पळून जायला घेतली नव्हती.

टेबलावर वायरी लोंबलेल्या मला आवडत नाहीत, म्हणून कीबोर्ड आणि माऊसचा बिनवायरचा जोड आणला. पहिला आठवडा राजासारखा गेला. मग त्याचं डोकं फिरलं. सकाळी नीट चालायचा आणि जेवणाची वेळ झाली की अडखळायचा. पाच अक्षरं दाबली की दोन उमटायची. कधी एकच अक्षर अडकून बसायचं. माऊसचा बाण तर दमलेल्या म्हाताऱ्यासारखा जागोजाग थांबे.

एका बाईंनी लिहिलं, "कालच घेतलेला मिक्सर जळला." मी "हरकत नाही, बदलून देऊ" असं लिहायला घेतलं. पहिलंच अक्षर अडकलं आणि त्यांना गेलं: "हहहहहहहहहह".

त्यांचं उत्तर आलं, "माझा मिक्सर जळला आणि तुम्ही हसता?"

मॅडमचा फोन आला. मी कनेक्शनचा दोष सांगितला. त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळी तुझ्या कामावर मी स्वतः नजर ठेवणार आहे. त्यानंतर ठरवू."

मी हात धुऊन त्या कीबोर्डच्या मागे लागले. त्याचा नखाएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या मागून काढून पुढे लावला. जुना ड्रायव्हर उडवून नवा टाकला. पत्रा आडवा आला की सिग्नल अडतो असं वाचलं, म्हणून धानाची पत्र्याची कोठी मायच्या मदतीने दुसऱ्या भिंतीला सरकवली. "अवं, एवढ्याशा डब्बीपायी एवढी मोठी कोठी हलवून राह्यली," माय म्हणाली. सेलवर मात्र माझा संशय गेला नाही. सेल नवे होते आणि मी स्वतः घातले होते. एक गोष्ट तेवढी कळेना. सकाळी कीबोर्ड पाठीकडून कोमट लागायचा. मी इंटरनेटवर शोध शोध शोधलं. ही तक्रार जगात कोणाचीच नव्हती.

सोमवारी सकाळी कीबोर्ड मेला. लुकलुक नाही की काही नाही. उलटा करून झाकण उघडलं तर आत सेलच नाहीत. माऊसचंही पोट रिकामं.

"माय, सेल कुठी गेले?"

"तुह्या बाले विचार. तो अजून जागलीवरून आला नाई."

धान भरायला लागलं की रानडुकरं येतात. म्हणून बा रोज रात्री शेतात, बांधीवर जागलीला जायचा, कपाळाला पट्ट्याची बॅटरी बांधून. त्या बॅटरीला सेल लागतात तीन. कीबोर्डात दोन, माऊसमध्ये एक. माझं बी.कॉम. त्या क्षणी कामाला आलं.

मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, धावत निघाले. बा समोरून येत होता. चांगलं उजाडलं होतं, तरी कपाळावरची बॅटरी चालूच, विझत आलेली.

"बा, माहे सेल तू नेते काय?"

"हो, रोज नेतो," बा शांतपणे म्हणाला. "रातच्याले तुहं यंत्र झोपून राह्यते. सेल उगाच बसून काय करन? सकाळी उन्हात तापवतो आन् जाग्यावर ठेवतो. आज डुकरानं धुरा फोडला, म्हनून उशीर झाला."

"सांगाचं नाई काय?"

"सावड आहे ना पोरी. आपले बैल पाटलाकडं, पाटलाचे आपल्याकडं. घरातल्या घरात कोन सांगून सावड करते?"

मी म्हणाले, "ह्या सावडीपायी मले पुण्याले जा लागन."

बाचा चेहरा उतरला. त्याने कपाळावरचा पट्टा काढून माझ्या हातात दिला. "मंग घे. पन काऊन जा लागन? नाई गेली त?"

घरी येऊन सेल घातले. रात्रभर डुकरांवर चमकलेले ते सेल, त्यांच्यात काय राहणार? कीबोर्डने एकदा डोळा मिचकावला आणि मिटला. मायने टीव्हीचा रिमोट उघडला आणि आतले दोन सेल माझ्या हातावर ठेवले. "माह्या मालिकेपहिले वापस पायजे," एवढंच बजावलं.

दोन सेल कीबोर्डात गेले. माऊससाठी उरलं काहीच नाही. तेवढ्यात मॅडम स्क्रीनवर हजर झाल्या. मी टॅबचं बटण दाबत एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत उड्या मारत राहिले. बाण स्क्रीनच्या मधोमध उभा, काम करणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या मुकादमासारखा. एका काकांच्या कुकरची शिट्टी वाजत नव्हती, एका ताईंना झाकण बदलून हवं होतं. सगळ्यांना उत्तरं वेळेत गेली.

शेवटी मॅडमनी विचारलं, "तुझा माऊस एकदाही हलला नाही. का?"

"मला लागत नाही," मी म्हणाले. त्या वेळेपुरतं ते खरंच होतं.

मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. घरूनच कर. पण आजच्यासारखंच."

मी बाहेर येऊन मायला सांगितलं. बा ओसरीवर तोंडावर दुपट्टा घेऊन झोपला होता. मायने त्याला हलवलं, "अजी, उठा. पोरगी इथीच राह्यते म्हनते."

बाने दुपट्ट्याचं एक टोक वर केलं. "पुनं रद्द झालं?"

"झालं."

"बरं झालं," तो म्हणाला आणि कूस बदलली. रात्री त्याला परत बांधीवर जायचं होतं. मी चामोर्शीची गाडी पकडली आणि घरात ज्याला जितके लागतात तितके सेल घेऊन आले.